अठ्ठावन्न गोड फॉर्म

आमच्या सुनेच्या एमबीएच्या प्रकल्पाची वाट लागली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्या सरांना, आमच्या मंडळातल्या बायकांना आणि घरातल्या पुरुषांना भरपूर नावं ठेवणार आहे. तेव्हा कुणी म्हणायला नको की विभाताईंना स्वतःचं काही दिसत नाही. दिसतं हो सगळं. उशिरा दिसतं एवढंच.

सून म्हणजे अनुया. माहेर कऱ्हाडचं. आम्ही मूळचे मिरजेचे. आमचे हे, वसंतराव, विमा कंपनीत अधिकारी होते. तीन वर्षांची बदली म्हणून जयपूरला आलो, त्याला एकतीस वर्षं झाली. अजून इथल्या मानसरोवर वसाहतीतच आहोत. मुलगा अभिजित इथेच वाढला. त्याचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी. ‘मतलब असं की’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरूच होत नाही. सून मराठीच हवी हा हट्ट माझा, आणि कऱ्हाडला जाऊन तिला पसंत केली तीही मीच.

अनुया शांत. आवाज चढवणार नाही, उलट बोलणार नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अशी सून म्हणजे मोठी पंचाईत, भांडायला कुणीच नाही. तिला राग आला की ती कपाट आवरते. घड्या जास्तच सरळ लागल्या की आपण समजायचं, काहीतरी बिनसलंय. पहिली चार वर्षं तर मला वाटायचं, किती टापटिपीची पोर मिळाली.

लग्नाआधी ती पुण्यात एका कंपनीत पगाराचं काम बघायची. इथे आल्यावरही दोन वर्षं नोकरी केली. मग सावनी झाली आणि नोकरी सुटली. सावनी शाळेत जायला लागल्यावर हिने परत अर्ज सुरू केले, तर जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, मधली पाच वर्षं काय करत होतात. आता ह्याला काय उत्तर द्यायचं? पोर वाढवत होते म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि कळवतो म्हणतो. कळवत कुणी नाही. शेवटी छत्तिसाव्या वर्षी तिने एमबीएला नाव घातलं, शनिवार-रविवारच्या वर्गांना. मी म्हटलं, घाल बाई, आमची काही हरकत नाही. हे वाक्य मी त्या दोन वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही.

शेवटच्या सहामाहीत त्यांना एक संशोधनाचा प्रकल्प असतो. विषय आपला आपण शोधायचा, माहिती आपण हिंडून गोळा करायची, शंभर पानं लिहायची. देखरेखीला एक गाईड. अनुयाने विषय घेतला तो स्वतःच्याच दुखण्याचा: नोकरी सुटलेल्या बायकांना परत नोकरीत येताना काय काय आडवं येतं. सी-स्कीम ह्या ऑफिसांच्या भागातल्या एका कंपनीत ती उन्हाळ्यात दोन महिने शिकाऊ म्हणून होती, तिथल्या मॅडमना तिचं काम आवडलं होतं. त्यांनी सांगितलं, मेमध्ये डिग्री हातात घेऊन ये, एक जूनपासून जागा तुझी. मेमध्ये डिग्री हवी तर प्रकल्प दहा मार्चच्या आत जायला हवा. तारीख चुकली की सहा महिने लांबणीवर, आणि तेवढे दिवस ती जागा काही हिच्यासाठी रिकामी राहणार नव्हती. सगळा खेळ त्या दहा मार्चवर होता.

आणि गाईड कोण मिळाले, तर कासलीवाल सर. माणूस वाईट नाही हो, पण त्यांच्या हाताखाली चौदा विद्यार्थी, आणि चौदाजणांना मिळून एक उत्तर, ‘देखते हैं’. अनुयाने पहिलं शीर्षक दिलं तर म्हणाले, फार पसरट आहे. दुसरं दिलं तर फार आखूड. महिनाभराने सरांनी स्वतःच एक शीर्षक सुचवलं, ते होतं हिचंच पहिलं! ही त्यांच्या केबिनबाहेर बाकावर दोन-दोन तास बसून यायची. पाठवलेल्या प्रकरणाला तीन आठवड्यांनी एका शब्दाचं उत्तर, ‘नोटेड’. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायची, मला घेऊन चल एकदा, मी बघते त्या कासलीवालांकडे. ती म्हणायची, नको आई. आणि कपाट उघडायची.

मग ते फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर वीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच आकडे. अजिबात नाही म्हणजे एक, पुरेपूर म्हणजे पाच. नाव लिहायचं नाही, फक्त वय. सासरच्यांचा पाठिंबा किती, नवऱ्याची मदत किती, कंपनी समजून घेते का, असं सगळं. असे शंभर फॉर्म हवे होते. अनुया सी-स्कीममधली ऑफिसं पालथी घालायची, सावनीच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहायची, मेट्रोत शेजारी बसलेल्या बाईशी ओळख काढायची. एका बँकेतल्या बाईंनी दोन तास बसवून ठेवलं आणि सांगितलं की मिस्टर भरून देतील. एकीने फॉर्म परत दिला तर मागे किराण्याची यादी, हिंग, राई, कपडे धुण्याचा सोडा. दोन महिन्यांत हिच्याजवळ जमले त्रेचाळीस.

जानेवारी उजाडला आणि माझा धीर सुटला. मी म्हटलं, आण इकडे ते कागद. नोकरी सुटलेल्या बायकाच हव्यात ना तुला? मग आमचं भगिनी मंडळ कशाला आहे? रेल्वे, बँक, विमा, सगळी बदलीची माणसं. नवऱ्याच्या बदलीपायी नोकरी सोडून न आलेली बाई आमच्या मंडळात शोधून सापडायची नाही. मी स्वतः मिरजेच्या मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून आलेय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आदर्श नगरच्या हॉलमध्ये झाडून साऱ्या येतात, सासवा-सुना सगळ्या. तिथेच उरकून टाकू.

त्या वर्षी मी वाण म्हणून बॉलपेनं लुटली. स्टीलच्या वाट्या देऊन देऊन सगळ्यांची घरं भरलीत. एकेक बाई आली की हळदीकुंकू, हातावर तिळगूळ, पेन, आणि पुढे फॉर्म. ‘गोड गोड बोला, आणि गोड गोड लिहा’ असं मी वर प्रत्येकीला सांगत होते. मला ते फार सुचलं असं वाटत होतं. आमच्या अध्यक्षीण रत्नमालाबाई, रेल्वेतल्या मोठ्या साहेबांची बायको, त्या फॉर्म गोळा करायला बसल्या होत्या. एकेक कागद घेऊन, वरपासून खालपर्यंत नजर टाकून, मग गठ्ठ्यावर ठेवत होत्या. मी म्हटलं, काय जबाबदारीने काम करते बाई.

अनुया तिच्या वर्गाहून उशिरा आली तेव्हा मी मोजणी करत होते. सत्तावन्न झाले होते. म्हणजे तिचे धरून बरोबर शंभर. पण शंभर हा काय आकडा झाला? आपल्यात आहेरसुद्धा शंभराचा करत नाहीत, एकशे एकाचा करतात. मी तिला तिथेच खुर्चीवर बसवलं, हातात पेन दिलं आणि म्हटलं, तूही नोकरी सुटलेलीच आहेस की, भर तुझा एक. शुभ आकडा होऊ दे. ती म्हणाली, मी कसा भरू, मीच विचारणारी आहे. मी म्हटलं, काही होत नाही, लिही पटपट, हॉलवाला दिवे घालवतोय. रत्नमालाबाई आणि मी दोन बाजूंना उभ्या होतो. तिने लिहिला. गठ्ठा हातात घेतल्यावर तिने एकदाच विचारलं की ह्या सगळ्याजणी एकत्र बसून भरत होत्या का. मी म्हटलं, मग काय एकेकीला आमंत्रण देऊन बोलावू?

घरी आल्यावर ह्यांचं आणखीन एक शहाणपण. विम्याच्या प्रपोजलांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे कागद विस्कळित दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात. अनुयाचे त्रेचाळीस आणि माझे अठ्ठावन्न एकत्र करून ह्यांनी सगळे वयाप्रमाणे लावले, सगळ्यात तरुण बाई वर, सगळ्यात म्हातारी खाली, आणि लाल पेनाने एक ते एकशे एक आकडे घातले. दुपारभर त्यातच होते. अनुयाने बघितलं आणि एवढंच म्हणाली, बाबा, छान लावलेत.

फेब्रुवारीभर ती ते आकडे लॅपटॉपवर चढवत होती. जेवणाच्या टेबलावर सावनीचा अभ्यास, म्हणून ही इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून काम करायची. चढवता चढवताच तिचा चेहरा उतरत चालला होता. मी म्हटलं, थकली असेल.

महिनाअखेरीला ती सगळं घेऊन कासलीवाल सरांकडे गेली, आणि चमत्कार झाला. सर खूश! पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी चहा मागवला. कारण काय, तर सासरच्या पाठिंब्याची सरासरी पाचपैकी जवळजवळ चार निघाली होती. सर म्हणाले, वा, म्हणजे आपल्या जयपुरात घरं फार चांगली आहेत, अडवतात त्या कंपन्याच. हेच निष्कर्षात लिहा, बाइंडिंग करा, दहाच्या आत देऊन टाका. मी ह्याच्यावर एक पेपरही पाठवीन म्हणाले, पहिलं नाव अर्थात त्यांचं.

हे सगळं तिने मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. मी मेथी निवडत होते. मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवायला उठले. तर ही म्हणते, मी नाही देणार हे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने त्या बाकावर बसून काढले, आता माणूस हो म्हणतोय तर हिला सुचतंय नाही म्हणायला. मी नको नको ते बोलले. म्हटलं, नोकरी दाराशी आलीय आणि तू दार लावून घेतेस. ह्याला शहाणपण म्हणत नाहीत, हात दाखवून अवलक्षण म्हणतात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, ते खोटं आहे."

मी म्हटलं, एखाददुसरी बोलली असेल खोटं, अठ्ठावन्नजणी कशाला बोलतील? ती म्हणाली, एकशे एकपैकी साठ जणींनी पाठिंब्यापुढे पाच लिहिलंय, हळदीकुंकवाआधी माझ्या त्रेचाळिसांत पाच जेमतेम तिघींचे होते. म्हटलं, मग असेल पाठिंबा! जगात चांगल्या सासवाही असतात. सगळ्या काय तुझ्या कासलीवालांसारख्या ‘देखते हैं’ नसतात.

अनुयाने माझ्या हातातली मेथीची जुडी काढून ओट्यावर ठेवली. "त्यातला एक फॉर्म माझा आहे. मीही पाचच लिहिलंय. तुम्ही शेजारी उभ्या होतात."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा मी विचारलं, विचारायला नको होतं पण विचारलं, "मग खरं किती?"

"दोन," ती म्हणाली.

खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. सपाटून राग आला. दोन? पाचात दोन? मी कधी हिला नाही म्हटलं? हिच्या शनिवार-रविवारी मी स्वयंपाक केला नाही? सावनीला बसवर सोडलं नाही? आणि माझ्या सासूने मला किती दिले असते? मिरजेची नोकरी सोडतेस का म्हणून मला कुणी विचारलंसुद्धा नाही, ट्रंका भरल्या गेल्या आणि आम्ही निघालो. मला कुणी असा फॉर्म दिला नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिने भांड्यांची कपाटंसुद्धा आवरली.

मी ह्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. म्हटलं, बघा तुमची सून, पाचात दोन देते. ह्यांनी पेपर खाली केला आणि नेहमीसारखी विम्याची गोष्ट काढली. म्हणाले, घरच्यांसमोर विचारलं तर कुठलाही माणूस दारू पितो म्हणून सांगत नाही. फॉर्मवर सगळे धडधाकट असतात. म्हणून आम्ही डॉक्टरकडे एकट्याला पाठवायचो. तू तिथे उभी राहिलीस, तिथेच ते कागद रद्दी झाले. मी म्हटलं, आणि तुम्ही लाल पेनाने रद्दीवर नंबर घातलेत. ह्यांनी पेपर परत वर केला.

पण रात्रंदिवस तो दोनचा आकडा डोळ्यांसमोरून हलेना. नाही म्हटलं नाही, हे खरंच. पण तिच्या पहिल्या सहामाहीच्या पेपराच्या दिवशी सत्यनारायण कुणी घातला होता? मीच. म्हटलं होतं, तुझं चालू दे, तुझ्यावाचून काही अडत नाही. आणि आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, हिची परीक्षा आहे ना, म्हणून सगळं माझ्यावर पडलंय. ती वर्गात बसलेली असताना मी फोन करायची, वाटाण्याचा डबा कुठे ठेवलायस. डबा मला माहीत असायचा. तरी करायची. बारशाला, डोहाळजेवणाला तिच्यासमोरच म्हणायची, आमच्या अनुयाचं शिकणं चालू आहे, आम्ही काही आडकाठी करत नाही हो. आणि ती तिथे ताट वाढत असायची. आता कुणी मला सांगितलं की ह्याला पाचपैकी किती, तर मी काय सांगू? लाज वाटली मला. साठी उलटल्यावर अशी लाज वाटणं फार वाईट, कारण भरून काढायला वेळ कुठे असतो.

तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, काढ ते अठ्ठावन्न बाहेर. ती म्हणाली, काढायचेच आहेत, पण कुठले ते कसं कळणार? बाबांनी वयाप्रमाणे लावलेत.

मग आम्ही तिघं जमिनीवर फॉर्म पसरून बसलो. हळदीकुंकवाचे म्हणून काही ओळखू आले, कडेला कुंकवाचं बोट, कुठे गुळाचा चिकट ठसा, एकावर तर तीळच चिकटलेला. अनुयाचे पर्समधून आलेले, त्यांना घडी पडलेली. पण सात कागदांचा निकाल लागेना. हे भिंग घेऊन बसले, तरी लागेना. अनुयाने ते सातही बाद केले. मी म्हटलं, अगं त्यात तुझे कष्टाचे असतील. ती म्हणाली, असतील. खात्रीचे उरले एकोणचाळीस. म्हणजे अजून एकसष्ट हवे, आणि तारखेला आठ दिवस.

कासलीवाल सर भडकले. म्हणाले, तयार झालेलं काम मोडणारी विद्यार्थिनी मी पहिल्यांदा बघतोय, आता सप्टेंबरलाच या. सी-स्कीमच्या मॅडमना अनुयाने माझ्यासमोरच फोन केला. त्या चांगलं बोलल्या, डिग्री झाली की परत अर्ज करा म्हणाल्या. जूनमध्ये ती जागा भरली. अभिजितला कळलं तेव्हा तो म्हणाला, मतलब एवढी मेहनत फुकट? मी त्याला म्हटलं, तुला सरासरीत किती मिळालेत ते बायकोला विचार आधी.

मला वाटलं, आता तरी मी काहीतरी करावं. मी म्हटलं, मी स्वतः घरोघर जाते, माफी मागते आणि परत भरून आणते. अनुया म्हणाली, "आई, तुम्ही काही करू नका. तेवढंच करा." काही न करणं काय असतं ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. ती कडक उन्हात स्कूटर काढून जायची, एकेका बाईला एकटीला गाठायची, आणि मी घरात हात बांधून बसायची. वाटाण्याच्या डब्यावर नजर ठेवून बसायची, पण फोन केला नाही. एकदा हातात घेतला होता. ठेवला.

एप्रिलात एके दिवशी तीच आली आणि म्हणाली, बुधवारी रत्नमालाकाकूंना दुपारी आपल्याकडे बोलवाल का? मला मयूरीशी बोलायचंय. मयूरी म्हणजे त्यांची सून, नाशकात औषध कंपनीत होती. मी समजले. मी रत्नमालाबाईंना पोह्याचे पापड लाटायला बोलावलं, आणि त्या एकट्या कशाला म्हणून आणखी पाच सासवांना. गच्चीवर सतरंजी टाकली आणि चार तास त्यांना हलू दिलं नाही. त्या सहाजणी माझ्याकडे आपापल्या सुनांची कौतुकं सांगत होत्या, आमच्याकडे हो काही बंधन नाही, आणि मी मान डोलवत पापड वाळत घालत होते. तिकडे अनुया एकेकीच्या घरी. संध्याकाळी परत आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, मयूरी एक तास बोलत होती, फॉर्म शेवटी भरला. आकडा काय, ते तिने सांगितलं नाही आणि ते बरोबरच केलं. असे चार बुधवार झाले. माझ्या घरात दोन वर्षं पुरतील एवढे पापड आहेत.

ऑगस्टअखेर शंभर झाले. शंभरच, एकशे एक नव्हे. नवीन सरासरी निघाली दोन पूर्णांक तीन दशांश. आता सर पेपराचं नावही काढत नाहीत. पण मान्य केलं, करावंच लागलं, कागद खरे होते.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे परवाची गोष्ट. अहवाल छापायला जायचा होता. अनुया दोन पानं हातात घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, आई, बघून घ्या, तुमच्याबद्दल आहे. सर एक परिच्छेद काढून टाका म्हणतायत, घरातल्या गोष्टी अहवालात कशाला म्हणून. तुम्हाला नको असेल तर मी काढते.

मी चष्मा लावला. इंग्रजी आहे, पण मी बीए आहे, मला वाचता येतं. अभ्यासाच्या मर्यादा असं एक प्रकरण होतं, त्यात लिहिलं होतं की पहिल्या टप्प्यातले अठ्ठावन्न फॉर्म रद्द करावे लागले, कारण ते संशोधिकेच्या सासूच्या उपस्थितीत भरले गेले होते. नाव नव्हतं. पण संशोधिकेला सासू एकच आहे. मंडळातल्या कुणीही वाचलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या जयपूरभर होईल. मी दोनदा वाचलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

दुसरं पान आभाराचं. त्यात पहिलंच नाव माझं. माझ्या सासूबाई विभाताई, ज्यांच्या भक्कम पाठिंब्याशिवाय हे काम पुरं होऊच शकलं नसतं. मग सर, मग अभिजित, बाबा, सावनी.

मी ते पान तिच्यापुढे धरलं. "हे माझं नाव इथून काढ. मर्यादांमधलं राहू दे."

मला वाटलं होतं, ती निदान एकदा तरी म्हणेल, असू दे ना आई, तुम्ही एवढे पापड केलेत. तिने पेन घेतलं, आभाराच्या पानावरची माझी ओळ सरळ रेघ मारून खोडली, दोन्ही पानं उचलली आणि छापायला द्यायला गेली.